रमादीत फिरवलेले टॉवेल

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडच्या परदेशी बातम्यांत एक शब्द सहज येतो: टोळी. इराकमधल्या टोळ्या, अफगाणिस्तानातल्या टोळ्या. मराठी कानाला टोळी म्हटलं की दरोडेखोर आठवतात, नाहीतर ऊसतोडीला निघालेली माणसं. इराकमध्ये ज्याला अशीरा म्हणतात, ते आपल्या भावकीच्या जास्त जवळचं. शेकडो घरं, एक मूळपुरुष, सोयरिकी, जुनी भांडणं, आणि मयताला सगळ्यांनी जायचं ही रीत. हे ध्यानात घेतलं नाही, तर 2006 साली अन्बार प्रांतात काय घडलं ते कळायचं नाही.

अन्बार म्हणजे बगदादच्या पश्चिमेचा सुन्नीबहुल, वाळवंटी मुलूख. फरात नदीच्या काठी फलुजा, रमादी ही गावं. इथल्या बऱ्याच जमाती आधी अमेरिकनांशीच लढल्या, अल-कायदाला त्यांनी थारा दिला. मग पाहुणाच घरमालक झाला. तस्करीच्या वाटा त्यानं बळकावल्या, आडवे येणारे शेख मारले. ऑगस्ट 2006 मध्ये अल्बू अली जासिम जमातीच्या शेखला मारलं आणि प्रेत लपवून ठेवलं. दफन होता होईतो एका दिवसात व्हावं, असा तिथला रिवाज. खुनाचा हिशोब कधीतरी चुकता झाला असता. पण माणसाची माती होऊ दिली नाही, हे भावकीला सोसणारं नव्हतं.

सप्टेंबरात अब्दुल सत्तार अबू रीशा या शेखनं रमादीत इतर शेखांना आपल्या घरी जमवलं. चळवळीला नाव पडलं सहवा, म्हणजे जागृती. सत्तार काही साधुपुरुष नव्हे, तस्करी आणि वाटमारीशी त्याचं नाव जोडलं जाई. पण त्याचे वडील आणि भाऊ मारले गेले होते. नेमकं त्याच सुमारास, 11 सप्टेंबरला, ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं अमेरिकी मरीन दलाच्या गुप्त अहवालाची बातमी छापली: अन्बार राजकीयदृष्ट्या हातचा गेलाय. बातमी खरी होती, अहवालही खरा होता. फक्त तो ऑगस्टचा होता.

सहवाची बातमी हुकली म्हणून पत्रकारांना दोष देणं सोपं आहे. बहुतेक परदेशी बातमीदार बगदादमध्ये काँक्रीटच्या भिंतींआड अडकलेले. बाहेर जायचे ते इराकी सहकारी, आणि मरायचेही तेच. अल-अरबिया या वृत्तवाहिनीची इराकी बातमीदार अतवार बहजत त्याच फेब्रुवारीत सामर्रात मारली गेली. शिवाय अमेरिकी सैन्य पैसे देऊन इराकी वर्तमानपत्रांत गोडगोड मजकूर छापून आणतं, हे 2005 च्या नोव्हेंबरात उघड झालं होतं. मग त्याच सैन्यानं ‘शेख आमच्या बाजूला येताहेत’ म्हटलं, तर विश्वास कोण ठेवणार?

25 नोव्हेंबर 2006. रमादीच्या पूर्वेला सुफिया भागात अल-कायदानं अल्बू सोदा जमातीवर हल्ला चढवला. मदतीसाठी अमेरिकनांना फोन गेला. विमानं आली, पण वरून बघणाऱ्याला दोन्हीकडचे सारखेच: तेच कपडे, त्याच बंदुका. तेव्हा कॅप्टन ट्रॅव्हिस पॅट्रिक्विन या अरबी बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं फोनवर निरोप दिला, टॉवेल डोक्यावर फिरवा. त्यावरून आपली माणसं ओळखू आली. अन्बारचं वारं फिरलं, ते अनेकांच्या मते इथंच. टीव्हीवर मात्र ते टॉवेल कुणी पाहिले नाहीत.

पुढची गोष्ट मला फार लागते. 6 डिसेंबरला रमादीत एका लष्करी गाडीखाली सुरुंग फुटला. तीन जण गेले. एक पॅट्रिक्विन, शेखांशी बोलणारा. दुसरी मेजर मेगन मॅक्लंग, पत्रकारांना रमादी दाखवणारी अधिकारी. तिसरा एक तरुण सैनिक. जमातींशी बोलणारा आणि जगाला ते सांगू पाहणारी, दोघं एकाच गाडीत.

नंतर बातमी झालीच, पण श्रेय गेलं जानेवारी 2007 मध्ये बुश यांनी जाहीर केलेल्या जादा फौजेला. ती कुमक उपयोगी पडली, हे खरं. पण सहवा तिच्या चार महिने आधीची. 3 सप्टेंबर 2007 ला बुश अन्बारमध्ये उतरले आणि सत्तारशी हस्तांदोलन केलं. या वेळी कॅमेरे हजर होते. दहा दिवसांनी, 13 तारखेला, घराजवळच्या स्फोटात सत्तार ठार झाला.

2008 अखेरपासून सहवाच्या लढवय्यांचा पगार आणि जबाबदारी बगदाद सरकारकडे गेली. पोलिसांत, सैन्यात घेऊ म्हणाले होते. बहुतेकांना घेतलं नाही. 2014 च्या शरद ऋतूत हीत गावाच्या आसपास आयसिसनं अल्बू निम्र जमातीची शेकडो माणसं उभी करून गोळ्या घातल्या. या जमातीनं सरकारकडे महिनोन्महिने हत्यारं मागितली होती.