बिलाखालची मोकळी ओळ: देशोदेशीच्या टिपचा हिशेब

[दृश्य: एडिसन, न्यू जर्सी. रेस्टॉरंटमधलं टेबल. काळ्या फोल्डरमध्ये कार्डाच्या दोन पावत्या आणि एक बॉलपेन.]

निवेदन:

जेवणाचे 80 डॉलर. त्यावर न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर, म्हणजे 5 डॉलर 30 सेंट. एकूण 85.30. वेटर कार्ड घासून, पावत्या ठेवून निघून गेलाय. पावतीच्या तळाशी दोन ओळी मात्र मोकळ्या आहेत. एक टिपची, दुसरी बेरजेची. भारतातून पहिल्यांदाच आलेला माणूस इथे अडखळतो. कार्ड तर घासलं, मग आता काय लिहायचं?

व्यवहार अजून पुरा झालेला नाही. बँकेने 85.30 फक्त अडकवून ठेवलेत. वरच्या ओळीत टिप लिहायची, खालच्या ओळीत बेरीज, त्याखाली सही. 80 डॉलरवर 18 टक्के म्हणजे 14.40, आणि बेरीज 99.70. ‘मर्चंट कॉपी’ छापलेली पावती टेबलावर ठेवायची, ‘कस्टमर कॉपी’ खिशात घालायची. गडबडीत लोक नेमकी उलटी पावती उचलतात. मग वेटरच्या हाती टिपचा आकडाच येत नाही. टिप रोख दिली असेल तर ओळ मोकळी सोडू नका. तिथे ‘कॅश’ लिहा आणि खाली 85.30 ही बेरीज स्वतःच्या हाताने भरा.

त्यानंतर मोबाइलवर आधी 85.30 चा मेसेज येतो आणि एक-दोन दिवसांनी खात्यातून 99.70 गेलेले दिसतात. कार्डावर कुणीतरी डल्ला मारला असं समजून बँकेला फोन करू नका, ती तुमचीच टिप आहे. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड वापरत असाल तर बिलापेक्षा वीसेक टक्के जास्त शिल्लक हवी, नाहीतर कार्ड नाकारलं जाऊ शकतं.

[दृश्य: पावतीवरच्या कराच्या आकड्यावर कॅमेरा.]

टेबलावर येऊन वाढणारा वेटर असेल तर अमेरिकेत 18 ते 20 टक्के ही आजची रीत. 15 टक्के दिले तर सेवा बेताचीच होती, असा अर्थ निघतो. टक्केवारी कर धरण्याआधीच्या रकमेवर काढायची. न्यूयॉर्क शहरात लोक सरळ कराचा आकडा दुप्पट करतात. तिथे कर 8.875 टक्के, त्यामुळे दुप्पट केला की पावणेअठरा टक्के होतात. हीच युक्ती हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत वापरली तर सव्वातेरा टक्केच निघतात, आणि ऑरेगनमध्ये तर विक्रीकरच नाही! त्यापेक्षा दहा टक्के काढा आणि दुप्पट करा.

आता मुळातला प्रश्न. जेवणाचे पैसे दिल्यावर वेटरचा पगार गिऱ्हाइकाने का द्यायचा?

कारण कायदाच तसा आहे. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला 7 डॉलर 25 सेंट. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख फक्त 2 डॉलर 13 सेंट दिले तरी चालतात. उरलेले 5 डॉलर 12 सेंट टिपमधून निघतील असं गृहीत धरलेलं आहे. नाही निघाले तर फरक मालकाने भरायचा. पण त्यासाठी वेटरने हिशेब दाखवून मालकाशी भांडायचं, आणि पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट त्याच मालकाच्या हातात असतात. हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. रेल्वेचा शयनडबा, गणवेशातले कृष्णवर्णीय पोर्टर.]

टिप अमेरिकेने युरोपातून उचलली, पण ती पगाराच्या जागी बसली यादवी युद्धानंतर. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना हॉटेलांनी आणि रेल्वेने कामावर घेतलं, ते तुटपुंज्या पगारावर. बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर. पुलमन कंपनीच्या शयनडब्यांतले पोर्टर हे त्याचं ठळक उदाहरण. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि 1937 मध्ये कंपनीशी करार करून घेतला.

टिपला विरोधही अमेरिकेतच झाला. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर बंदी घातली, आणखी काही राज्यं त्या वाटेने गेली. 1926 पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते. 1938 च्या किमान वेतन कायद्यातून हॉटेल-रेस्टॉरंटचे बहुतेक कामगार वगळले गेले. 1966 मध्ये ते आत आले खरे, पण टिप पगारात वळती करून घेण्याची मुभा मालकांना देऊनच.

[दृश्य: स्वयंपाकघराचं दार. ताटं उचलणारे, ग्लास पुसणारा बारमन.]

तुम्ही दिलेले 14.40 एकट्या वेटरच्या खिशात जात नाहीत. टेबल आवरणारे, बारमन, दारात बसवून घेणारी होस्ट, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. याला तिथे ‘टिप-आउट’ म्हणतात. बऱ्याच रेस्टॉरंटांत हा वाटा मिळालेल्या टिपवर नाही, विक्रीवर मोजतात. समजा विक्रीच्या 4 टक्के ठरलेत. तुमच्या 80 डॉलरच्या टेबलापायी वेटरला 3 डॉलर 20 सेंट द्यायचेच आहेत. तुम्ही टिप न देता उठलात, तर तेवढे पैसे त्याने दुसऱ्या टेबलाच्या कमाईतून घालायचे. जेवण थंड आलं म्हणून टिप कापणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. चूक स्वयंपाकघराची असेल तर मॅनेजरला बोलवा, पदार्थ बिलातून काढून घ्या. टिप कापल्याने आचाऱ्यापर्यंत काहीच पोचत नाही.

कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन, नेवाडा, मोंटाना, अलास्का आणि मिनेसोटा या सात राज्यांत मात्र टिपची वळती चालत नाही. कॅलिफोर्नियात 2025 मध्ये वेटरलाही पूर्ण किमान वेतन, म्हणजे तासाला 16 डॉलर 50 सेंट होतं. मग तिथे टिप कमी देतात का? नाही. तीच 18-20. पगाराचं कारण उरलं नाही तरी सवय जात नाही. न्यूयॉर्कचे नावाजलेले हॉटेलमालक डॅनी मायर यांनी 2015 पासून टिप बंद करून पदार्थांच्या किमती वाढवायला सुरुवात केली होती. 2020 मध्ये त्यांना टिपकडे परत यावं लागलं. मेन्यूवरचा मोठा आकडा बघून गिऱ्हाईक बिचकतं, शेवटी वेगळी टिप द्यायला मात्र त्याची हरकत नसते.

[दृश्य: आठ जणांचं कुटुंब, बिलाभोवती जमलेली डोकी.]

आपल्याकडची मंडळी सगळ्यात जास्त फसतात ती घोळक्याने जेवताना. सहा किंवा अधिक माणसं असली की पुष्कळ रेस्टॉरंट 18 ते 20 टक्के आधीच बिलात धरतात. ‘ग्रॅच्युइटी’ अशी ओळ कराच्या आसपास असते आणि त्याखाली पुन्हा टिपची मोकळी ओळही छापलेली असते. वरची ओळ न वाचता खाली 20 टक्के लिहिले की चाळीस टक्के गेलेच. करखात्याच्या लेखी ही सक्तीची रक्कम टिप नसून पगार धरली जाते. 2025 ते 2028 या वर्षांसाठी वर्षाला 25 हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर कामगाराला आयकरात वजावट मिळाली आहे, तीही फक्त राजीखुशीने दिलेल्या टिपला.

कॉफीच्या काउंटरवर स्क्रीन फिरवून समोर धरतात आणि त्यावर 18, 20, 25 असे ठळक चौकोन येतात. ‘नो टिप’ खाली बारीक अक्षरात. तुम्हीच रांगेत उभं राहून तुम्हीच कप उचलणार असाल तर ते बटण बिनधास्त दाबा. बुफेला दहा टक्के पुरतात. हॉटेलच्या खोलीत रात्रीला 2 ते 5 डॉलर ठेवायचे, आणि रोज ठेवायचे, कारण सफाईला रोज तीच व्यक्ती येईल असं नाही. सोबत ‘हाऊसकीपिंग’ लिहिलेली चिठ्ठी हवी. नुसत्या पडलेल्या नोटांना त्या बायका हात लावत नाहीत. पाहुण्याचे पैसे उचलल्याचा ठपका नको असतो.

[दृश्य: पॅरिसमधलं कॅफे, फुटपाथवरची गोल टेबलं.]

फ्रान्समध्ये हा हिशेबच करायचा नाही. मेन्यूवर कर आणि सेवा धरूनच किंमत छापायची, असा 1987 पासून नियम आहे. वेटर पगारी नोकर. 50 युरोच्या जेवणावर दोन-तीन युरो ठेवले तर छान, नाही ठेवले तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसेल, माणशी दीड ते तीन युरो. ती टिप नव्हे, ब्रेड आणि मांडणीची आकारणी आहे. मेन्यूवर छापलेली असेल तर मुकाट्याने द्या.

जर्मनीत टिप टेबलावर ठेवून जायची पद्धत नाही. पैसे देताना तोंडाने आकडा सांगायचा. बिल 27.40 झालं, 50 ची नोट पुढे केली आणि ‘30’ म्हणालात की वेटर 20 परत देतो. पाच ते दहा टक्के वर धरून गोल आकडा करायचा, इतकंच. खाचखळगा वेगळाच आहे: नोट देतानाच सवयीने ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणालात तर ‘सुट्टे तुम्हीच ठेवा’ असा अर्थ घेतला जाऊ शकतो. आभार मानायचे ते उरलेले पैसे हातात आल्यावर.

लंडनमध्ये बिलात 12.5 टक्के सेवा शुल्क सर्रास लावलेलं असतं. ते ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. पूर्वी त्यातलं किती कामगारांपर्यंत पोचतं हे मालकच ठरवत. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायद्याने सगळी टिप कामगारांनाच द्यावी लागते, तीही पुढचा महिना संपायच्या आत. पबच्या काउंटरवर बिअर घेतली तर टिप नाही.

[दृश्य: ओसाका. सुट्टे पैसे ठेवलेला छोटा ट्रे.]

जपानमध्ये टेबलावर नाणी सोडून निघालात तर वेटर ती घेऊन रस्त्यापर्यंत मागे धावत येतो. पैसे विसरलात असंच त्याला वाटतं. तिथल्या इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं मिळणाऱ्या बारमध्ये, न मागता एक वाटीभर पदार्थ येतो, त्याचे माणशी 300 ते 500 येन लागतात. बसण्याचं भाडं समजा. अपवाद जुन्या वळणाच्या र्‍योकान सरायांचा. तिथे खोलीची देखभाल करणाऱ्या बाईंना हजार ते तीन हजार येन देतात, पण पोचल्या पोचल्या, नव्या कोऱ्या नोटा लहान पाकिटात घालून. उघडी नोट पुढे करणं असभ्य. त्यांनी नको म्हटलं तर आग्रह करायचा नाही.

सिंगापूरच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर 10 टक्के सेवा शुल्क आणि त्यावर 9 टक्के जीएसटी. 100 डॉलरचं जेवण 119.90 ला पडतं. वर टिप देऊ नका.

[दृश्य: पुण्यातलं उडपी हॉटेल. बडीशेपेची बशी, शेजारी यूपीआयचा क्यूआर कोड.]

आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत परत आलेले सुट्टे पैसे हीच टिप होती. यूपीआयने बिल पैशापर्यंत चोख भरलं जातं, त्यामुळे बशीत काही परत येतच नाही. वेटरला द्यायचं असेल तर वीस-तीस रुपयांची नोट वेगळी काढावी लागते. दिवाळीचं पोस्त तेवढं वॉचमन आणि पोस्टमनच्या हातात अजून रोख पडतं.

मोठ्या रेस्टॉरंटांत वाद आहे तो सेवा शुल्काचा. हजाराच्या जेवणावर दहा टक्के शुल्क लावलं आणि त्या 1100 वर 5 टक्के जीएसटी घेतला की बिल होतं 1155. शुल्काशिवाय ते 1050 असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की हे शुल्क आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही आणि त्यावर जीएसटीही घ्यायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या, त्यावर त्या अपिलात गेल्या.

बिल आलं की आधी ‘एससी’, ‘सर्व्हिस’, ‘स्टाफ वेल्फेअर’ अशी ओळ शोधा. असेल तर कार्ड काढण्याआधी मॅनेजरला सांगून नवं बिल मागवा. पैसे भरल्यावर परतावा मिळवणं कटकटीचं होतं. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वेटरची टिप त्याच्या हातात वेगळी द्या. ती ओळ त्याने छापलेली नसते.