पोटॅश की कोबाल्ट?

हे कुपवाड एमआयडीसीतलं भंगाराचं यार्ड. ट्रक रिकामा व्हायच्या आधी हा पोरगा ड्रिल मशीनएवढं काहीतरी घेऊन ट्रकभोवती फिरतोय बघा, ते आहे हँडहेल्ड गॅमा स्पेक्ट्रोमीटर. गायगर काउंटर नुसता टकटक करतो, रेडिएशन किती आहे तेवढंच सांगतो. कशाचं आहे ते ह्याला विचारायचं.

आत थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल असतो, गॅमा किरण त्यात अडकला की बारीकसा उजेड पडतो, किरणाची एनर्जी जास्त तर उजेड जास्त, मागची ट्यूब तो उजेड मोजते आणि असं मोजत मोजत स्क्रीनवर हा उंचवटा तयार होतो. ह्याला पीक म्हणायचं. रेडिएशन सोडणारं सिझियम १३७ असलं तर पीक ६६२ केईव्हीला, केईव्ही म्हणजे किरणाची एनर्जी मोजायचं माप. कोबाल्ट ६० ची जोडी, ११७३ आणि १३३२.

आता खताच्या गोडाऊनमध्ये चला, इथं खरी मजा आहे. पोटॅशच्या थप्पीला मशीन लावलं आणि काउंट चढला की! तासगावकडच्या द्राक्षबागांत जातं तेच हे पोटॅश. पण पीक बघा, १४६० ला आलंय, म्हणजे पोटॅशियम ४०, निसर्गातलंच, तुमच्याआमच्या अंगात पण असतं. नुसता गायगर असता तर इथं उगाच पळापळ झाली असती.

युरेनियम २३५ दिसतं १८६ केईव्हीला. निसर्गातल्या युरेनियममध्ये ते ०.७ टक्क्याच्या आसपास असतं, नमुना पुरेसा जाड असला तर ह्याच पीकवरून एनरिचमेंट किती, म्हणजे २३५ चं प्रमाण किती वाढवलंय ते काढता येतं, आयएईए म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे इन्स्पेक्टर जागेवर जाऊन असंच तपासतात. अजून बारीक बघायचं तर जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो, तो भलताच गार ठेवायला लागतो, पूर्वी त्यात उणे १९६ अंशाचा लिक्विड नायट्रोजन ओतायचे, आता बॅटरीवरचा कूलर आला म्हणून तो हातात धरून फिरता येतो.

२०१० ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र आलं, कापलं गेलं, एक कामगार गेला.

असला सोर्स, म्हणजे रेडिएशन सोडणारा तुकडा, भट्टीत वितळला तर सगळ्या स्टीलमध्ये उतरतो, म्हणून तपासायचं ते गेटवरच. क्रेनला पैसे असतात, ह्याला का नाहीत? शिशाच्या जाड डब्यात सोर्स असला तर मात्र हे मशीन पण फसू शकतं, त्यामुळं अनोळखी जड डबा दिसला की कापायचा नाही. लांब व्हायचं, ११२ ला फोन लावायचा. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ५ वी बटालियन पुण्याजवळच आहे.