आधी खिडकी झाका

मंडळी, टेबलावरचा हा यांत्रिक हात इतवारीतल्या एका भंगाराच्या दुकानातून किलोच्या भावानं आणलाय. कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निघालेला. सहा स्टेपर मोटरी, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी फिरणाऱ्या, आणि तळाशी ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचा बोर्ड. १९८०च्या सुमारास शिकवण्यासाठी असे हात बरेच निघाले. ब्रिटनचा आर्मड्रॉइड १९८१चा. १९८२च्या अखेरीस अमेरिकेत हीथकिटचा हीरो-१ आला, तो तर लोकांनी सुटे भाग आणून घरीच जोडला. मेमरी ४ केबी, प्रोग्राम बटणांनी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या आकडेपद्धतीत, भरायचा. तो बोलायचासुद्धा. त्याच्या व्होट्रॅक्स चिपमध्ये ६४ ध्वनी होते, सगळे इंग्रजीच्या हिशोबानं. आपला ‘ळ’ त्यात नाही, याची मला अजून हळहळ वाटते.

पण आज मला बोलायचंय ते या चिपबद्दल. ही ईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी प्रोग्राम जपून ठेवणारी मेमरी चिप. पाठीवर काचेसारखी गोल खिडकी दिसते ना, तिच्यातून अतिनील किरण गेले की आतला प्रोग्राम पुसला जातो. म्हणून वर स्टिकर लावतात. थेट उन्हात उघडी राहिली तर साधारण आठवड्याभरात चिप कोरी होते. आता आपला मे महिना आठवा. टिनाच्या शेडखाली स्टिकरचा गोंद सुकतो, कागद गळून पडतो, आणि बोर्ड अंगणात पडलेला असतो. आमच्या हाताच्या दोन चिपांपैकी एकीचं असंच झालं. रीडरमध्ये लावली, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे सगळी कोरी. त्या संध्याकाळी टेबलाभोवती कुणी बोललं नाही. कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं काम होतं ते.

म्हणून हात जोडून सांगतो, जुनं मशीन घरी आलं की लगेच स्विच दाबू नका. आधी खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा. मग चिप काढा, वाचा, फाईल दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतर वीज, तीही सिरीजमध्ये बल्ब लावून, म्हणजे बल्बमधून जाऊन मगच मशीनला पोचेल अशी. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासा, उन्हाळ्यांनी ते आतून वाळलेले असतात.

गेलेला प्रोग्राम आम्ही पुन्हा लिहिला, चार महिने लागले. मल्टीमीटरनं प्रत्येक मोटरच्या तारा ओळखल्या: कॉमन म्हणजे कॉइलच्या मधल्या तारेपासून टोकापर्यंत जेवढा रेझिस्टन्स, त्याच्या दुप्पट टोकापासून टोकापर्यंत. या सांध्यांमध्ये सेन्सर नाही. हात कुठे आहे हे हाताला कळत नाही. तो फक्त पावलं मोजतो. भरलेला पेला उचलताना खांद्याचं एक पाऊल चुकलं, की पुढची प्रत्येक हालचाल तेवढीच सरकते.

पोरं विचारतात, सर, सरळ आर्डुइनो, म्हणजे तो आजचा छोटा तयार कंट्रोलर बोर्ड, का नाही बसवत? बसवा ना, पण जुना बोर्ड कापून फेकू नका. नवा बोर्ड लावला तर मोटरी फिरतील, पण त्या माणसानं खांदा आणि कोपर एकाच वेळी कसे हलवले, हे त्या जुन्या बोर्डातच आहे. उरलेल्या चिपमधून आम्ही तेच वाचून काढतोय. निम्मं झालंय.

आता सुरू करतो. खांद्यावर खडूची खूण आहे, तिच्याशी सांधा हातानं जुळवून घेतो, कारण मोजणी तिथून सुरू होते. पुढच्या रांगेतल्यांनी जरा मागे सरका.