तीनशे मिलिमीटर म्हणजे किती पाऊस?

मंडळी, राजस्थानच्या पावसावर बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न हमखास येतो, तिथे पाऊस पडतो तरी किती? उत्तर तयार असतं. अरवलीच्या पश्चिमेला वर्षाकाठी सरासरी ३०० मिलिमीटरच्या आसपास, पूर्वेला त्याच्या दुप्पट किंवा जरा जास्तच. लोक आकडा टिपून घेतात, मान डोलावतात. आज मला त्या आकड्याशीच भांडायचं आहे. पावसाच्या नोंदी इतकी वर्षं चाळल्यावर मला असं दिसतं, की मरुभूमीबद्दल सगळ्यात कमी काही सांगत असेल, तर ती ही सरासरी.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणा. ३ लाख ४२ हजार चौरस किलोमीटरचं हे राज्य, देशातलं सर्वांत मोठं. आपण त्याला सरसकट वाळवंट म्हणतो. पण दक्षिणेकडच्या बांसवाड्यात आणि झालावाडात वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहरापेक्षा जास्त. माउंट अबूवर तर १५०० च्या वर जातो. आणि अबूपासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटरवरच्या जैसलमेरात? २०० सुद्धा गाठत नाही. हवामान खातं म्हणूनच या राज्याचा हिशेब पूर्व राजस्थान आणि पश्चिम राजस्थान असा दोन वेगळ्या उपविभागांत ठेवतं.

हा फरक आपल्याला समजायला सोपा जावा. महाबळेश्वरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, माणदेशात, जेमतेम ५००. आपला सह्याद्री वाऱ्याच्या वाटेत आडवा उभा आहे, तो ढगांना अडवतो आणि पिळून काढतो. अरवली मात्र नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेला. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारेही त्याच दिशेनं वाहतात, त्यामुळे ते डोंगराला समांतर निघून जातात, अडतच नाहीत. बंगालच्या उपसागराकडून येणारी शाखा सगळा उत्तर भारत ओलांडून इथे पोचते, तोवर तिच्यातलं बाष्प बरंचसं सरलेलं असतं. शिवाय पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा वरच्या थरात झाकणासारखी बसते. जमिनीलगत ओलावा असतो, आकाशात ढगही दिसतात, पण त्यांना उंच वाढता येत नाही. जुलैत जैसलमेरच्या रस्त्यावर ढग सरकताना पाहिले आणि ते न बरसता निघून गेले, हे ज्यानं अनुभवलंय त्याला हे झाकण समजावून सांगावं लागत नाही.

आता तापमान. फलोदी इथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो देशाचा उच्चांक. चुरूत १ जून २०१९ ला ५०.८. आणि याच चुरूचा पारा हिवाळ्यात शून्याखाली गेल्याच्याही नोंदी आहेत. कोरडी हवा आणि वाळू, दोन्ही लवकर तापतात आणि लवकर निवतात. सूर्य रोहिणीत आला की सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना तिकडे नौतपा म्हणतात. लू, म्हणजे अंग भाजणारा गरम वारा, वाहते, दुपारी गावं ओस पडतात, पण म्हातारी माणसं म्हणतात की नौतपा तापला नाही तर पाऊस रुसेल. या श्रद्धेला मी हसत नाही. थरच्या वाळवंटावर उन्हाळ्यात जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो समुद्रावरच्या वाऱ्यांना आत ओढून घेण्यात मोठा वाटा उचलतो. म्हणजे आपल्या कोकणात कोसळणाऱ्या पावसामागे त्या तापलेल्या वाळूचंही काही देणं आहे. ती स्वतः मात्र कोरडी राहते.

सरासरीकडे परत येतो. २०२३ चंच वर्ष घ्या. जूनमध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा उरलेला जोर बाडमेर, जालोर, सिरोही, पालीवर बरसला. ऐन उन्हाळ्याच्या शेपटाला गावांत पाणी शिरलं. मग ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. पश्चिम राजस्थानात तर तो जवळजवळ कोराच गेला. बाजरी निसवण्याच्या वेळी पाणी नाही. आणि सप्टेंबरअखेर हंगामाचा हिशेब लागला, तेव्हा पश्चिम राजस्थानच्या खात्यात सरासरीपेक्षा जास्त पाऊस जमा होता! कागदावर ते चांगलं वर्ष. शेतात उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा अधिक तूट पडली तर दुष्काळ, पन्नासाच्या पुढे गेली तर तीव्र दुष्काळ. व्याख्या हवीच, नाहीतर मदत कशाच्या आधारे द्यायची? आपल्याकडे पैसेवारी पन्नासच्या आत आली की नाही यावर गावांचं भवितव्य लटकतं, तसंच तिकडे गिरदावरी, म्हणजे पिकांची सरकारी पाहणी, होऊन गावं अभावग्रस्त जाहीर होतात. २००२ मध्ये राज्यातले तेव्हाचे सगळे, ३२ च्या ३२ जिल्हे दुष्काळात होते. तिथे आकड्यांचा घोळ नव्हता. पण मारवाडातल्या, म्हणजे पश्चिम राजस्थानातल्या, लोकांची स्वतःची मोजणी या टक्क्यांपेक्षा बारीक आहे. धान्य पिकलं नाही तर अन्नकाळ. पाणी सरलं तर जळकाळ. गवत उगवलं नाही तर तिणकाळ. तिन्ही एकदम आले तर त्रिकाळ. बघा, इथे पाऊस किती पडला हे विचारलेलंच नाही, कशावाचून अडलं ते विचारलंय. धान्य गेलं आणि गवत वाचलं तर मारवाडी कुटुंब तगतं, कारण गाय, शेळी, मेंढी तगते. उलट झालं तर कळप घेऊन माळव्याकडे, हरियाणाकडे चालायला लागायचं. १८९९-१९०० चा छप्पनिया काळ, विक्रम संवत १९५६ चा म्हणून छप्पनिया, हा असाच त्रिकाळ होता. त्याच दुष्काळानं आपला वऱ्हाड आणि खानदेशही भाजून काढला होता.

आणि एक जुना दोहा आहे, त्याचा आशय सांगतो. दुष्काळच बोलतोय: माझे पाय पूगलला, धड कोटड्यात, बाहू बाडमेरात, शोधलंत तर जोधपुरातही सापडेन, पण जैसलमेरात माझा मुक्काम ठरलेला. कुठल्या भागाला किती धोका, याचा इतका नेमका नकाशा मला सरकारी अहवालात क्वचित मिळाला.

आता २००६ चा ऑगस्ट. बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षभराहून जास्त पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावं बुडाली, शंभरावर माणसं गेली. पूर ओसरायला हवा होता, पण पाणी कित्येक महिने तसंच उभं राहिलं. कारण वाळूखाली जिप्समचा थर होता. त्यानं पाणी खाली मुरूच दिलं नाही.

हा थर स्थानिक लोकांना नवा नव्हता. जिथे तो लागतो तिथे पावसाचं पाणी खाली खोलवरच्या खाऱ्या भूजलाला जाऊन मिळत नाही, वरच्या वाळूत ओल म्हणून साठून राहतं. लोकांनी तिथेच कुंई, म्हणजे छोट्या विहिरी, खणल्या. अगदी अरुंद, माणूस जेमतेम बसून खणू शकेल एवढ्या. त्यांत गोडं पाणी थेंबाथेंबानं पाझरतं. त्या ओलीला ते रेजाणी पाणी म्हणतात, वरून येणाऱ्या पावसाला पालर पाणी, आणि खोल विहिरीतल्याला पाताळ पाणी. ज्या थरानं कवासला महिनोन्‌महिने बुडवून ठेवलं, त्याच प्रकारच्या थरानं शेजारच्या कितीतरी गावांना पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजलं. खाली काय आहे हे कळल्याशिवाय ३०० मिलिमीटर हा आकडा पाणी सांगतो की पूर, कसं ठरवणार?

इंदिरा गांधी कालव्याबद्दल कोणी विचारणार, म्हणून थोडक्यात. पंजाबातल्या हरिकेपासून निघालेल्या या कालव्यानं गंगानगर, हनुमानगड, बिकानेरचं चित्र पालटलं, जैसलमेरपर्यंत पाणी नेलं. हे मोठं काम आहे, मी ते कमी लेखणार नाही. पण पाणी पिऊन न थकणारी पिकंही त्याच्याबरोबर आली, आणि काही भागांत जमीन पाणथळ होऊन बसली. कालवा जिथे पोचत नाही तिथे कूपनलिका आहेत. आज राजस्थान जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याच्या जवळपास दीडपट उपसतं.

म्हणून शेवटी मी टांक्याचा हिशेब मांडतो. टांका म्हणजे आपलं टाकंच, गडांवर पाहतो तसं. अंगणात जमिनीखाली बांधलेलं, आणि भोवती आगोर, म्हणजे पावसाचं पाणी टाक्यात उतरावं म्हणून उतार दिलेली जागा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरचं आगोर आणि २०० मिलिमीटर पाऊस धरा. थेंबही वाया गेला नाही असं मानलं तर २० हजार लिटर. पाच माणसांचं घर, पिण्या-रांधायला माणशी रोज दहा लिटर. वर्षाला सव्वाअठरा हजार लागतात. भागलं. आता पाऊस ८० मिलिमीटर धरा. ८ हजार लिटर, १६० दिवस. जुलैच्या मध्यावर भरलेलं टाकं डिसेंबर संपायच्या आत कोरडं पडतं, आणि पुढचा पाऊस यायला अजून सहा-सात महिने असतात.