काटा ५४० वर

(काळा पडदा. ट्रान्झिस्टरची खरखर. काटा फिरतोय: व्हिएतनामी गाणं, शिट्टी, पुन्हा खरखर, मग इंग्रजी आवाज.)

१९६८ सालचं व्हिएतनाम. अमेरिकेचे पाच लाखांहून जास्त सैनिक या देशात आहेत आणि लढणाऱ्यांतले बरेचसे नुकते कुठे विशीत आलेले. लष्करी कँटीनमधून स्वस्तात घेतलेला ट्रान्झिस्टर बराकीबराकीत वाजतोय. काटा ५४० वर आणला की दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतलं, सायगावचं, अमेरिकी लष्कराचं स्टेशन लागतं. रात्री काटा थोडा इकडेतिकडे केला की उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोई लागतं. म्हणजे शत्रूचं स्टेशन! तेही इंग्रजीत, आणि निवेदिकेचा आवाज असा की बंद करवत नाही.

या युद्धातल्या गोळीबाराचे आवाज सिनेमांनी आपल्याला भरपूर ऐकवलेत. आज आपण माइकसमोरची माणसं ऐकू.

(दृश्य: जुनी रेकॉर्ड, फिरती तबकडी, सुई ठेवणारा हात.)

अमेरिकी फौजेचं रेडिओ खातं उभं राहिलं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली. मुख्यालय लॉस एंजेलिसला. तिथे गाणी आणि कार्यक्रम तबकड्यांवर उतरवायचे, पेट्या भरायच्या आणि जिथे फौज असेल तिथे पाठवायच्या. या तबकड्या म्हणजे सरकारी माल. काम झालं की परत करा, नाहीतर नष्ट करा, असा दंडक. सैनिकांनी तो किती पाळला, हे जुन्या रेकॉर्डच्या बाजारात एक चक्कर मारली की कळतं.

सायगावचं स्टेशन सुरू झालं ऑगस्ट १९६२ मध्ये. तेव्हा अमेरिकेचे फक्त 'सल्लागार' तिथे होते, निदान कागदावर तरी. स्टुडिओ पुढे 'ब्रिंक्स' नावाच्या, अधिकाऱ्यांच्या निवासाच्या इमारतीत आला. २४ डिसेंबर १९६४ ला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, त्याच इमारतीखाली गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला. दोन अमेरिकी ठार झाले, कित्येक जखमी झाले. गाणी लावणाऱ्याची ड्यूटी म्हणजे आरामाची ड्यूटी, असं इतर सैनिक चिडवायचे. ते तितकंसं खरं नव्हतं.

(ध्वनी: सिग्नेचर ट्यून.)

१९६५. सकाळचे सहा. कार्यक्रमाचं नाव 'डॉन बस्टर'. माइकवर हवाई दलाचे सार्जंट ॲड्रियन क्रोनॉअर. आणि ती आरोळी, जी पुढे १९८७ च्या सिनेमाने जगभर नेली: "गुऽऽऽड मॉर्निंग, व्हिएतनाम!"

सिनेमातला क्रोनॉअर वरिष्ठांना टोप्या घालतो, बंड करतो, शेवटी हाकलला जातो. खरे क्रोनॉअर वर्षभराची ठरलेली नेमणूक पुरी करून रीतसर घरी गेले. सिनेमात दाखवलंय त्याच्या निम्मं जरी मी केलं असतं, तर अजून लष्करी तुरुंगात असतो, असं ते हसत हसत सांगायचे. पुढे वकील झाले. राजकारणात रिपब्लिकन पक्षाचे. पेंटॅगॉनमध्ये युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांच्या विभागातही त्यांनी काम केलं.

मग त्यांनी नेमकं केलं काय? माझ्या मते बंडापेक्षा अवघड काम केलं. लष्करी स्टेशनचा सरकारी, इस्त्री केलेला सूर मोडून त्यांनी ते घरच्या स्टेशनसारखं वाजवलं. ओहायोत किंवा टेक्ससमध्ये शाळेला निघताना जसा रेडिओ कानावर पडायचा, तसा. हुकूम आणि पत्रकं दिवसभर कानावर आदळत असताना कोणीतरी नुसतं आपल्याशी बोलतंय, एवढंच हवं होतं. आणि चिखलात रात्र काढलेला सैनिक त्या 'गुड मॉर्निंग'ला रेडिओकडे बघून शेलक्या शिव्यांनी उत्तर द्यायचा, हेही क्रोनॉअरच सांगत.

जाहिराती या स्टेशनवर नव्हत्याच. त्या जागी सूचना. मलेरियाची गोळी घ्या. रायफल साफ ठेवा. काळ्या बाजारात डॉलर बदलू नका. गुप्तरोगापासून सावध. आणि लगेच पुढचं गाणं. आपल्या विविध भारतीवर 'जयमाला'त फौजी भाईंची फर्माईश वाजते, तोच जिव्हाळा इथेही होता. फक्त गाण्यागाण्यांच्या मध्ये शिस्तीचा बडगा.

१ जुलै १९६७ पासून स्टेशनचं नाव झालं अमेरिकन फोर्सेस व्हिएतनाम नेटवर्क, सगळ्यांच्या तोंडी 'एएफव्हीएन'. दा नांग, प्लेकू, न्हा त्रांग, क्वी न्हॉन अशा ठिकाणी केंद्रं आली. क्रोनॉअरनंतर ती सकाळची आरोळी पुढच्या निवेदकांनी चालू ठेवली. त्यांच्यातले एक होते पॅट सेजॅक. आधी ते पगार विभागात कारकून होते. १९६९ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचं भाषण चालू होतं. संपलं असं वाटून सेजॅकनी ते तोडलं आणि पॉप गाणं लावून दिलं. भाषण संपलेलं नव्हतं. निक्सन त्यानंतर खास व्हिएतनाममधल्या सैनिकांशी बोलत होते! ज्यांच्यासाठी बोलत होते, त्यांनाच ते ऐकू गेलं नाही. हे सेजॅक पुढे चाळीसेक वर्षं अमेरिकेच्या टीव्हीवर 'व्हील ऑफ फॉर्च्यून' चालवत होते.

लॉस एंजेलिसहून तबकडीवर यायच्या क्रिस नोएल. व्यवसायाने अभिनेत्री. १९६६ पासून त्यांचा 'अ डेट विथ क्रिस' हा कार्यक्रम लागायचा. नुसत्या स्टुडिओत बसून राहिल्या नाहीत; हेलिकॉप्टरने थेट दूरदूरच्या चौक्यांवर जायच्या. युद्धानंतर फ्लोरिडात त्यांनी बेघर माजी सैनिकांसाठी निवारे चालवले.

(दृश्य: ह्यू शहर, पडक्या भिंती.)

ह्यू. १९६८ चा तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाचा सण. शहरात लढाई पेटली तेव्हा तिथल्या केंद्राचे कर्मचारी राहत्या घरात अडकले. माइक आणि कॅमेऱ्याची माणसं, हातात रायफली घेऊन काही दिवस लढली. काही जण मारले गेले. उरलेले पकडले गेले आणि सुटले ते थेट १९७३ मध्ये.

(ध्वनी: पुन्हा खरखर. काटा सरकतो.)

आता तो दुसरा आवाज.

खरं नाव त्रिन्ह थी न्गो. रेडिओवरचं नाव थू हुआंग. अमेरिकी सैनिकांनी ठेवलेलं नाव हनोई हॅना. जन्म १९३१, हनोईचा. वडिलांचा काचेचा कारखाना होता, घर खातंपितं. हॉलिवूडचे सिनेमे आवडायचे. 'गॉन विथ द विंड' खालची अक्षरं न वाचता समजावा म्हणून इंग्रजी शिकल्या, असं त्या स्वतः सांगत. त्या इंग्रजीचा उपयोग कुठे झाला, पाहा. हनोईच्या 'व्हॉइस ऑफ व्हिएतनाम'वर बसून अमेरिकी पोरांना विचारायचं: तुम्ही इथे कशासाठी मरताय?

लेखणी उत्तर व्हिएतनामी लष्कराच्या प्रचार विभागाची, आवाज त्यांचा. पण साहित्य बरंचसं अमेरिकेचंच. 'टाइम', 'न्यूजवीक' आणि फौजेचं स्वतःचं वर्तमानपत्र 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' त्यांच्याकडे पोचायचं. त्यातून मृत सैनिकांची नावं, गावासकट, त्या शांतपणे वाचायच्या. मध्ये जोन बाएझ, पीट सीगर या युद्धविरोधी अमेरिकी गायकांची गाणी. बहुतेक सैनिक हसायचे, टवाळी करायचे, आणि ऐकायचेही.

का ऐकायचे? १९६७ मध्ये डेट्रॉइटला दंगल उसळली. हॅनाने ती बातमी दिली. आपल्याच शहरात काय चाललंय ते आधी शत्रूच्या रेडिओवरून कळलं, आपल्या स्टेशनवर त्याचा मागमूसही नव्हता, असं अनेक माजी सैनिक सांगतात. हॅनाच्या प्रचाराने फार कोणी फितलं नाही. पण सायगावच्या कात्रीने जे कापलं, त्याने हॅनाला श्रोते मिळवून दिले. तिला आयतं कुरण मिळालं, असं मी म्हणेन.

आणि कात्री चालत होती, यात शंका नाही. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला अडचणीचं होईल ते टाळा, हे ठरलेलं. ३ जानेवारी १९७० ला बातम्या देणारा सैनिक बॉब लॉरेन्स याने एएफव्हीएनच्या टीव्हीवर बातमीपत्राच्या शेवटी, कॅमेऱ्याकडे बघून सांगून टाकलं: इथे आम्हाला खरं सांगायची मोकळीक नाही. त्याला बातम्यांवरून तत्काळ काढलं आणि त्याची रवानगी झाली कॉन्टुमला, लष्करी पाद्रींचा मदतनीस म्हणून. लष्कराचा विनोद कधी कधी असा असतो.

तिसरा आवाज तर चोरटाच. जानेवारी १९७१. एफएमवर अचानक 'रेडिओ फर्स्ट टर्मर'. निवेदक स्वतःला डेव्ह रॅबिट म्हणवतो. कर्कश रॉक, संडासाच्या भिंतींवरचे विनोद, अधिकाऱ्यांची यथेच्छ टिंगल, आणि मधूनच कुठली हेरॉइन जिवावर बेतेल याचा इशारा. तीन आठवड्यांत खेळ खलास. स्टुडिओ सायगावच्या एका वेश्यागृहात होता, असा त्याचा दावा. २००६ मध्ये तो माणूस नावानिशी पुढे आला, २०१२ मध्ये गेला. एएफव्हीएनमधले जुने लोक त्याच्या कहाणीवर नाकं मुरडतात. टेप मात्र आहे, आणि ती ऐकताना लॉरेन्स आठवतो. एकाने वर्दीत राहून तोंड उघडलं, दुसऱ्याने खोट्या नावाआड.

गाण्यांचंही तसंच. 'द ॲनिमल्स'चं 'वी गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस' सैनिकांचं जणू राष्ट्रगीत झालं होतं. क्लबात बँड आला की शेवटी हेच हवं, आणि सगळा क्लब बेंबीच्या देठापासून ओरडत गाणार.

(दृश्य: २९ एप्रिल १९७५, सायगाव. गच्चीवर हेलिकॉप्टर.)

एएफव्हीएन १९७३ मध्ये बंद झालं. मागे उरलेल्या अमेरिकनांसाठी एक छोटं स्टेशन चालू राहिलं. शहर सोडायची वेळ आली की कळावं म्हणून त्यावर खूण ठरली होती. निवेदक म्हणेल, सायगावचं तापमान १०५ अंश (फॅरेनहाइट) आणि वाढतंय. त्यामागोमाग 'व्हाइट ख्रिसमस'. एप्रिलच्या उकाड्यात नाताळचं गाणं, म्हणजे चुकून लागलं असं कोणाला वाटायला नको. गुपित मात्र आधीच फुटलेलं, बरेच पत्रकार वाट बघत बसलेले.

सगळे सांगतात की वाजलं ते बिंग क्रॉस्बीचं. ज्यांनी ती रेकॉर्ड लावली ते निवेदक सांगत की क्रॉस्बीची हाताला लागली नाही, म्हणून टेनेसी अर्नी फोर्डची लावली. मला हेच पटतं. गडबडीच्या वेळी हवी ती रेकॉर्ड जागेवर सापडली, असं कुठल्याही रेडिओ स्टेशनात झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, ३० एप्रिलला, सायगाव पडल्याची बातमी हनोईहून इंग्रजीत वाचली ती त्रिन्ह थी न्गो यांनी. नंतर त्या सायगावलाच राहायला आल्या आणि २०१६ मध्ये तिथेच वारल्या. क्रोनॉअर २०१८ मध्ये गेले.

आज या प्रसारणांचं जे काही ऐकायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं सैनिकांनीच जपलेलं आहे. कँटीनमधून टेपरेकॉर्डर घ्यायचा, रेडिओसमोर ठेवायचा आणि स्पूल घरी न्यायचं. त्या टेपांवर गाण्यांच्या मधल्या जागेत मागे बराकीतलं कोणीतरी खोकतं, कोणीतरी 'आवाज वाढव' म्हणतं, आणि निवेदक मलेरियाच्या गोळीची आठवण करून देतो.