श्रिंप मेला नाहीये, त्याने कात टाकलीये

वाळूवर हे जे आडवं पडलंय ना, पाय आहेत, लांब मिशा आहेत, डोळ्यांवरचं टरफलसुद्धा जागच्या जागी आहे, हे बघून रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, नवीन असलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो, त्याला वाटतं गेला आपला क्लीनर श्रिंप (माशांचं अंग साफ करणारी छोटी कोळंबी). पण जवळून बघा, हे आतून पूर्ण पोकळ आहे. याचा मालक तिकडे खडकाच्या कपारीत दडून बसलाय, आणि पुढचा एखाद-दोन दिवस तो बाहेर यायचा नाही.

श्रिंपचं कवच अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी ते टाकावं लागतं. पाठीवर, डोक्याकडचा भाग आणि शेपटीकडचा भाग जिथे जुळतो तिथे कवच उकलतं आणि तो एक झटका देऊन त्या फटीतून बाहेर येतो, पायांची, मिशांची, अगदी कल्ल्यांची आणि जठराच्या आतलीसुद्धा आवरणं मागे सोडून. मग तो पाणी शोषून फुगतो आणि त्या फुगलेल्या मापावर नवीन कवच कडक होतं. माझ्या मते पूर्ण रीफ टँकमध्ये बघण्यासारखं याच्यापेक्षा भारी काही नाही, आणि श्रिंपसाठी सगळ्यात धोक्याची वेळपण हीच, कारण अंग मऊ, पळायची ताकद कमी आणि पाण्यात थोडा जरी बदल झाला तरी तो थेट अंगावर येतो.

म्हणून सगळा खेळ पाणी स्थिर ठेवण्याचा आहे. सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५ ते १.०२६, तापमान २४ ते २६ डिग्री, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. आकडे सगळ्यांना पाठ असतात हो, पण आज १.०२६ आणि आठवड्याने १.०२९ असं झालं तर पाठ असून काय उपयोग. पाणी उडून जातं, मीठ टँकमध्येच राहतं, त्यामुळे रोजची भर आरओडीआयच्या, म्हणजे फिल्टरने क्षार काढलेल्या, गोड्या पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही, आणि ऑटो टॉप ऑफ (ही भर आपोआप घालणारं यंत्र) लावता आला तर नक्की लावा, लाइट आणि पंप नंतर बदलता येतील.

नवीन श्रिंप आणला की मासे सोडतो तसा पिशवी तरंगवून लगेच सोडायचा नाही. पिशवीतलं पाणी श्रिंपसकट बादलीत ओता, टँकमधून एअरलाइनची (हवेच्या पंपाला लावतात ती) बारीक नळी लावा, तिला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील एवढंच पाणी येऊ द्या, आणि तासभर तरी, सॅलिनिटीत फरक जास्त असेल तर आणखी वेळ, दम धरा. मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं उपकरण) दोन्हीकडचं पाणी तपासा, जुळलं की श्रिंप तेवढा टँकमध्ये सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या. घाईत सोडलेला श्रिंप त्या दिवशी ठणठणीत दिसतो आणि पुढची कात टाकताना अडकून मरतो, मग आयोडीन कमी पडलं असं समजून लोक आयोडीनची बाटली घेऊन येतात. नियमित पाणी बदललं आणि नीट खाऊ घातलं तर बहुतेक टँकना वेगळं आयोडीन लागत नाही, आणि टेस्ट न करता ओतणं तर धोक्याचंच.

टाकलेली कात लगेच काढू नका, बरेच श्रिंप ती थोडीफार खातात. राहायला कपारीवाला खडक द्या, आणि हॉकफिश, ट्रिगर, पफर, लायनफिश यातलं काही टँकमध्ये असेल तर श्रिंप आणूच नका, मऊ झालेला श्रिंप त्यांच्यासाठी आयता घास असतो. कोरल बँडेड जातीचा श्रिंप एकच, किंवा जमलेली जोडी ठेवा, नाहीतर ते आपसात भांडून मरतात.

आणि तांबं. श्रिंपच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्यावरच चालतं, तरीपण पाण्यात विरघळलेलं तांबं थोडंसुद्धा त्याच्या जिवावर उठतं. माशाला पांढरे ठिपके आले आणि कॉपरचं औषध द्यायचंच असेल तर मासा वेगळ्या टँकमध्ये काढून तिथे द्या, मेन टँकमध्ये एक थेंबही नको, कारण लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेला टँकमधला खडक) आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर हळूहळू परत पाण्यात सोडत राहतात. त्या वेगळ्या टँकची जाळी, नळी, बादलीसुद्धा वेगळीच ठेवा.