तुमचं पेन कुठे असतं?

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘जैवप्रयोगशाळेत गटानं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षितता’ असा लांबलचक विषय छापलाय. विषय मीच दिला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. मिळालीत चाळीस मिनिटं. पाच मुद्दे लिहून आणलेत, ते सगळे होतील. पण त्याआधी मला पेनाबद्दल बोलायचंय.

विचार करताना पेनाचं टोपण कोण कोण चावतं? हात वर करा. खरं सांगा, इथे कोणी मार्क कापणार नाही. छान. आता ज्यांचं तेच पेन प्रॅक्टिकलला बेंचवर पडलेलं असतं, त्यांनी हात वरच ठेवा. बघा, एकही खाली आला नाही. माझाही वरच असायचा, बाईंच्या त्या प्रॅक्टिकलपर्यंत.

दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर नियमांची पाटी होती. नियम तेवीस. ‘गोंगाट करू नये’ आणि ‘पिपेट तोंडाने ओढू नये’ एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. पिपेट म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, ती तोंडानं ओढली तर जंतू तोंडात. म्हणजे गोंगाट आणि विषमज्वर एकाच तोलाचे! मला या पाट्यांचा मनापासून राग आहे. पाटी लावणाऱ्याची जबाबदारी खिळा ठोकल्यावर संपते, आणि खाली सही करणाऱ्याची सुरूच होत नाही. यावर मी तासभर बोलू शकतो, पण असो.

तर त्या दिवशी बाईंनी नळ्या वाटल्या आणि म्हणाल्या, ‘हे कल्चर रोगकारक आहे असं समजून काम करा.’ कल्चर म्हणजे नळीत वाढवलेले जंतू. आम्ही दोघादोघांच्या जोड्यांत होतो. मी स्ट्रीकिंग करत होतो, म्हणजे तारेच्या लूपनं जंतू प्लेटवर रेघांनी पसरत होतो, माझी जोडीदार जर्नलमध्ये लिहीत होती. अॅप्रनची बटणं गळ्यापर्यंत, हातमोजे, लूप लाल होईपर्यंत तापवलेला. हातमोज्यांचा तर मला इतका अभिमान की सगळं मी हातमोज्यांनीच हाताळत होतो. सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. शेवटी हातमोजे काढले, साबणानं हात धुतले, आणि आता शाबासकी मिळणार म्हणून उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, ‘दिवे घालवा.’ त्यांनी अतिनील प्रकाशाची बॅटरी लावली. नळ्यांना त्यांनी बाहेरून चमकणारी पूड फासून ठेवली होती, हे तेव्हा कळलं. बर्नरची चावी चमकत होती. फ्रीजचा दांडा, नळाची तोटी, दाराची कडी, सगळं दिवाळीसारखं. मग बाई माझ्याकडे वळल्या. चष्म्याच्या मधोमध एक डाग, जिथे बोट लावून आपण चष्मा वर सरकवतो तिथे. एक कानामागे, कारण पेन तिथे खोचलं होतं. आणि एक खालच्या ओठावर. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार?

मग बॅटरी माझ्या जोडीदारावर गेली, आणि हसू थांबलं. तिच्या गालावर दोन बोटं उमटली होती. तिनं नळीला हातसुद्धा लावला नव्हता. ती फक्त लिहीत होती. माझ्या पेनानं.

बाईंनी एवढंच विचारलं, ‘हात धुतलेस. पेन धुतलंस का?’

ही पुडीची गंमत झाली. आता खरी गोष्ट ऐका. 2011 मध्ये अमेरिकेत साल्मोनेला टायफिम्युरियम या पोट बिघडवणाऱ्या जंतूची साथ आली, 109 रुग्ण नोंदले गेले. धागा शोधत गेल्यावर तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांशी जाऊन मिळाला. शिकवण्याच्या प्रयोगशाळासुद्धा त्यात होत्या. आजारी पडलेल्यांमध्ये लहान मुलं होती. ती काही प्रॅक्टिकलला गेली नव्हती! घरातलं कोणीतरी जात होतं. 2014 मध्ये हेच पुन्हा झालं. तिथल्या सूचनांमध्ये आहे की पेन, कागद प्रयोगशाळेनं पुरवावेत आणि ते तिथेच राहावेत. आमच्या वेळी मोबाइल नव्हते. तुमच्याकडे आहेत, आणि प्लेटचा फोटो तुम्ही कोणत्या हातानं काढता ते मी विचारत नाही.

आणि ‘काही होत नाही’ म्हणणारे सीनिअर! प्रत्येक प्रयोगशाळेत एक असतोच. तोंडानं पिपेट ओढताना विषमज्वराचे जंतू तोंडात गेल्याची पहिली नोंद 1893 मधली आहे, आणि तरी पुढे अनेक दशकं लोक तोंडानं ओढतच राहिले, कारण काही होत नाही. 1976 मध्ये पाइक नावाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतून झालेल्या संसर्गांचा आढावा घेतला. 3,921 प्रकरणं होती, आणि ठाऊक असलेल्या अपघाताशी जुळणारी त्यातली पाचात एकाहूनही कमी. बाकीच्यांत सांडल्याची, फुटल्याची, टोचल्याची नोंद नाही. बऱ्याच ठिकाणी नुसतं रोजचं काम चालू होतं...

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिलीत म्हणे. पाच मुद्दे, सात मिनिटं. बरं, पळूया.

गटात कामं वाटून घ्या. एकाचे हात ‘मळके’, तो कल्चर हाताळेल. दुसऱ्याचे ‘स्वच्छ’, तो लिहील, दार उघडेल, फोन घेईल. अदलाबदल करायची तर आधी हातमोजे उतरवून हात धुवायचे. एकट्यानं, विशेषतः रात्री, काम नाही.

न सांडताही संसर्ग का होतो? बराचसा न दिसणाऱ्या तुषारांमुळे. तापलेला लूप कल्चरमध्ये बुडवल्यावर चर्र आवाज येतो ना, ते तुषार. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढलात, तेही. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, नळी फुटली तर यंत्र बंद करा आणि झाकण अर्धा तास उघडू नका. सांडलं तर वर कागद टाका, कडेकडून आत असं ताजं पातळ ब्लीच ओता, वीस मिनिटं थांबा. त्या ब्लीचमध्ये आम्ल पडू देऊ नका, क्लोरीन निघतो.

आग. अल्कोहोलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. स्प्रेडर, म्हणजे जंतू पसरायची काडी, पेटता असताना परत अल्कोहोलच्या बीकरमध्ये बुडवू नका. अॅगरोज, म्हणजे जेल बनवायचं द्रावण, मायक्रोवेव्हमधून काढल्यावर शांत दिसतं, आणि हलवलं की उसळून मनगटावर येतं. बाटलीचं झाकण सैल ठेवा, बाहेर काढण्याआधी मिनिटभर थांबा.

ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणारं यंत्र. त्याच्या पट्टीवर रेघा उमटल्या म्हणजे फक्त उष्णता लागली. 121 अंशांना पुरेसा वेळ मिळाला का, ते बीजाणूंच्या चाचणीनं तपासा.

पाचवा, ‘थोडक्यात वाचलो’ नावाची वही ठेवा. त्यात नावं लिहायची नाहीत, फक्त काय झालं ते. पहिली नोंद सीनिअरनं करायची, म्हणजे ज्युनिअर पुढे लिहितील. पेन वहीला दोरीनं बांधा.

द्रवरूप नायट्रोजन राहिलाच. वायू होताना तो सुमारे 700 पट पसरतो आणि बंद जागेतली हवा हटवतो. त्यामुळे त्याच्या डब्याबरोबर लिफ्टमध्ये बसायचं नाही. डबा लिफ्टनं, तुम्ही जिन्यानं, वर एक जण घ्यायला उभा. आणि मधल्या मजल्यावर कोणी आत शिरू नये म्हणून डब्याला पाटी. हो, पाटी. ही एक लावा.